दोन शेपट्यांचा सर्व्हर

सर्व्हर बनवणाऱ्यांनी त्याची खोली कशी असावी याबद्दल फार सुंदर कल्पना लिहून ठेवल्या आहेत. तापमान 18 ते 27 अंश सेल्सियस. हवा फार दमट नको, फार कोरडी नको. धूळ नको, धूर नको. वीज स्थिर हवी, आणि तीही दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली. असं हवामान आमच्या बऱ्हाणपुरात नसतंच असं नाही. जानेवारीत सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला तापीच्या राजघाटावर ते असतं. पण राजघाटावर सर्व्हर मांडायला आमचे शेठजी तयार नाहीत, आणि मांडला तरी फेब्रुवारीपासून पुढे त्याला कुठे न्यायचा हा प्रश्न आहेच.

मे महिन्यात इथला पारा 45 च्या आसपास मुक्कामाला असतो. वीज येते, जाते, आणि परत येताना जरा जास्तच उत्साहानं येते. राहता राहिली धूळ. आमची धूळ साधी मातीची नाही, तिच्यात सूत असतं. गावात गल्लोगल्ली यंत्रमाग. बकरम, मार्किन, धोतर असं काही ना काही दिवसरात्र विणलं जातं आणि कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की इथलं तलम, आरपार दिसणारं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जातं. आता कापड तितकं लांब जात नाही. तंतू मात्र सर्व्हरच्या पुढच्या जाळीपर्यंत नेमानं जातात आणि तिथंच घर करतात.

मी ज्या पेढीवर हिशेब पाहतो ती कागदोपत्री प्रायव्हेट लिमिटेड आहे. प्रत्यक्षात बैठकीला गादी आहे, लोड आहेत, आणि माझ्या टेबलावर संगणक असूनही मला सगळे ‘मुनीमजी’ म्हणतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, पुढे ई-वे बिलं आली, भिवंडी आणि इचलकरंजीच्या दलालांना घरबसल्या साठा बघायची चटक लागली, आणि एका डब्यात मावेना इतका हिशेब झाला. मग सर्व्हर घ्यायचं ठरलं. इंदूरहून एक तरुण इंजिनियर आला, लॅपटॉपवर चित्रं दाखवून गेला, आणि महिन्याभरात एक खोकं आलं. ते उचलायला दोन माणसं लागतात असं खोक्यावर चित्रच होतं. आमच्याकडे सहा जण धावले. त्यातले दोघं उचलत होते आणि चौघं ‘संभालके’ म्हणत होते.

झाकण उघडून आत पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हे यंत्र ज्यानं बनवलं त्याचा जगात कशावरही विश्वास नव्हता.

विजेवर विश्वास नाही, म्हणून वीज घेणारे डबे दोन. एक जळाला तर दुसरा एकटा सगळा भार ओढतो, आणि जळालेला डबा यंत्र चालू असतानाच मागून उपसून काढता येतो. पंख्यांवर विश्वास नाही, म्हणून ते ओळीनं सहा. डिस्कवर तर मुळीच नाही, त्यांची गोष्ट पुढे येईल. स्मरणशक्तीवरही नाही: मेमरीच्या पट्टीवर दर 64 बिटांमागे 8 बिट नुसते पहाऱ्याला बसवलेले असतात. एखादा बिट आपोआप उलटला, शून्याचा एक झाला, तर हे पहारेकरी त्याला पकडतात आणि कोणाला न सांगता सरळ करतात. दोन एकदम उलटले तर सरळ करता येत नाहीत, पण बोंब तरी मारतात. याच्या मुळाशी रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाचा राग आहे. 1947 च्या सुमाराला बेल लॅबमधल्या यंत्रावर तो शनिवार-रविवारी आपली गणितं चालायला लावून जायचा. यंत्राला मध्येच चूक सापडली की ते काम टाकून पुढच्याचं घ्यायचं, आणि सोमवारी हॅमिंगच्या हाती भोपळा. चूक झाल्याचं ज्याला कळतं त्याला ती कुठे झाली हे का कळू नये, या संतापातून त्यानं 1950 मध्ये चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा निबंध छापला. सरकारी कचेरीत सोमवारी हाच अनुभव घेतलेली लाखो माणसं आपल्याकडे आहेत. निबंध मात्र एकट्या हॅमिंगनं लिहिला.

असं हे पराकोटीचं संशयी यंत्र आलं कुठे, तर आमच्या गावात. इथं सुताचा भाव फोनवर ठरतो, माल आधी जातो, पैसे दिवाळीला येतात, आणि मध्ये कागद असलाच तर सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूचा. शेठजींच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येणारा शब्द म्हणजे भरोसा. संशय आणि भरोसा यांचा संसार त्या दिवशी आमच्या जुन्या वह्यांच्या खोलीत सुरू झाला.

खोलीचा प्रश्न आधी. शेठजींच्या आतेभावाचं केळी पिकवायचं शीतगृह आहे. बऱ्हाणपूरची केळी म्हणजे काय हे जळगावकरांना सांगायला नको. त्यांना ती आवडत नाही एवढं पुरे. आतेभाऊ म्हणाला, “सर्व्हर माझ्याकडे ठेवा. आतमध्ये बारा महिने 17-18 डिग्री, लाईट गेली तर जनरेटर, आणि रखवालदार वेगळा लागणार नाही.” ऐकायला इतकं बिनतोड होतं की शेठजींनी टेम्पो सांगितलासुद्धा. इंजिनियरनं फोनवर विचारलं, आत दमटपणा किती? आतेभाऊ अभिमानानं म्हणाला, “नव्वद टक्के! केळ्याची साल सुकत नाही.” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “भिया, केळं सुकणार नाही, पण सर्व्हर पिकेल.” टेम्पो परत गेला.

मग वह्यांच्या खोलीत एसी बसला आणि सर्व्हरसाठी कपाट करायला सुतार बोलावला. जगभर सर्व्हरचे रॅक 19 इंच रुंदीचे असतात आणि उंची ‘यू’ या मापात मोजतात. एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. हे माप ऐकून सुतारानं टेप गुंडाळून खिशात ठेवला. “साडेचव्वेचाळीस धरू का?” त्यानं उदारपणे विचारलं. शेवटी त्यानं त्याच्या मनानं सागवानी कपाट केलं. काचेची दोन दारं, पितळी कडी, कुलूप, वर महिरप. इतकं देखणं कपाट आमच्या घरात देवालाही नाही. इंजिनियर आला आणि दारातच थबकला. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम फेकतो. त्याला बंद कपाटात ठेवणं म्हणजे त्याचाच उच्छ्वास त्याला परत पाजणं. दारं काढली, मागची फळी कापली, आणि उरलेल्या चौकटीत लोखंडी रॅक सरकवला. महिरप राहिली. ती काढायला शेठजींनी ठाम नकार दिला.

सर्व्हरच्या पुढच्या बाजूला डिस्कचे खण असतात. ज्या खणांत डिस्क नसते तिथं प्लॅस्टिकची रिकामी झाकणं असतात. आत काही नाही, पाठीमागे काही नाही, नुसतं झाकण. ती काढू नयेत अशी सक्त सूचना असते, कारण झाकण निघालं की हवा सोपी वाट धरून रिकाम्या खणातून पळते आणि जिथं उष्णता आहे तिकडे फिरकत नाही. आमच्या ऑफिसातल्या मुलाला हे न पटणं स्वाभाविक होतं. रिकाम्या जागेला राखण कशाला? त्यानं ती काढली आणि दुपारच्या चहाला कपांखाली ठेवली. इंजिनियरनं चहा प्यायला, कप उचलला, खालचं झाकण पाहिलं, आणि चहा अर्धा टाकून उठला.

त्यानंतर तो सर्व्हरच्या मागे गेला, आणि तिथं त्याला शेपट्या दिसल्या.

वीज घेणारे डबे दोन, म्हणून मागून निघणाऱ्या केबलीही दोन. त्यांचा सगळा अर्थ दोन्ही वेगळ्या ठिकाणांहून वीज घेण्यात आहे. एक या यूपीएसवर, दुसरी त्या. निदान एक यूपीएसवर आणि एक भिंतीतल्या वेगळ्या लाइनवर. आमच्या वायरमननं दोन्ही शेपट्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचल्या होत्या. त्याच बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात त्याचा स्वतःचा मोबाइल चार्जिंगला होता आणि चौथ्यात डास पळवायचं यंत्र. बोर्डाची वायर एसीच्या मागून फिरून एकुलत्या एका सॉकेटमध्ये गेली होती आणि ते सॉकेट जरा सैल होतं, म्हणून त्यात आगपेटीची काडी.

इंजिनियर खाली बसला. “दोनों एक ही में?”

वायरमन दुखावला. “दोन्हीत करंट येतोय. टेस्टर लावून बघा.”

त्याचं खोटं नव्हतं. दोन्हीत करंट येत होता. जाताना दोन्हींतून एकदम गेला असता एवढंच. जवळजवळ अर्धा तास त्याला समजावलं, आणि त्याला ते अखेर कसं पटलं हे सांगण्यासारखं आहे. इंजिनियरनं वीजशास्त्र सोडून दिलं आणि विचारलं, “दादा, तुमच्या घरात कमावणारे किती?” वायरमन म्हणाला, मी आणि भाऊ. “दोघं एकाच शेठकडे कामाला आहात का?” वायरमन म्हणाला, छे, तो मंडीत असतो, हा शेठ पगार उशिरा देतो ना. मग तो स्वतःच थांबला, सर्व्हरकडे नव्या आदरानं बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीत दुसरी लाइन ओढून दिली. शेठजी दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. पगाराच्या तारखेत फरक पडला नाही.

मेमरीच्या पट्ट्या बसवायचा सोहळा मी मुद्दाम बघायला थांबलो. पट्ट्या कुठल्याही खाचेत बसत नाहीत. कुठली आधी, कुठली नंतर, कुणासमोर कोण, याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो; पंगतीचा मानपान चुकला की सर्व्हर जेवायलाच बसत नाही. शिवाय स्थिर विजेची धास्ती. कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा शर्ट अंगात, पायाखाली गालिचा, आणि माणसाच्या बोटावर हजारो व्होल्ट साठतात. तीन हजार व्होल्टच्या आत आपल्याला चटकाही जाणवत नाही, आणि नाजूक भाग शंभराच्या आतही मरू शकतात. म्हणजे आपण हळुवार हात लावतो, काही झालं नाही असं समजून घरी जातो, आणि पट्टी महिन्याभरानं दगा देते. अशा वेळी कापड विणणाऱ्या गावात, उन्हाळ्यात, पॉलिएस्टरचे शर्ट घातलेले आम्ही सगळे त्या उघड्या यंत्राभोवती वाकून उभे होतो. इंजिनियरनं हातात एक पट्टा बांधला आणि त्याची वायर सर्व्हरच्या पत्र्याला जोडली. शेठजींनी हात जोडले. “कुठला आहे? इच्छादेवीचा?” इच्छापूरची देवी इथून जवळ, महाराष्ट्राच्या सीमेवर. इंजिनियर म्हणाला, अर्थिंगचा आहे. शेठजींनी अर्थिंगमहाराजांनाही नमस्कार करून घेतला आणि विचारलं, दर्शनाला कोणता वार.

मग सर्व्हर चालू केला आणि खोली हादरली. सुरू होताना सर्व्हरचे पंखे पूर्ण वेगानं फिरतात, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्याही वर, आणि आवाज विमान उडाल्यासारखा येतो. पुण्या-मुंबईतल्या माणसानं कानावर हात ठेवले असते. आमच्याकडे कोणी मान वळवली नाही. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. तसे चाळीस माग एका शेडमध्ये चालतात आणि त्यात माणसं गप्पा मारतात, भाव ठरवतात, पोरांची लग्नं जमवतात. उलट सर्व्हर जेव्हा मिनिटभरानं शांत झाला तेव्हा दोघंतिघं काळजीनं आत डोकावले. बंद पडला का?

या कानांचा उपयोग पुढे झाला. आमच्या मागांवर एक म्हातारे जॉबर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माग बिघडला की चाचा हात लावायच्या आधी डोळे मिटून ऐकतात. एकदा हिशेबाला काही विचारायला ते वर आले, सर्व्हरच्या खोलीबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “तीसरे पंखे की बेरिंग जा रही है.” मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी सर्व्हरनं स्वतःच तक्रार नोंदवली: फॅन 2 मंद. इंजिनियरनं इंदूरहून लॅपटॉपवर पाहिलं आणि खुशीत आला, “चाचा चुकले, दुसरा आहे.” चाचांना बोलावलं. ते म्हणाले, तिसराच. झाकण उघडलं तर तिसऱ्याच पंख्याच्या पात्यांवर सुताची रुई बसली होती आणि तो खरखरत होता. मग उलगडा झाला. सर्व्हर मोजणी शून्यापासून करतो. पहिला पंखा त्याच्या लेखी शून्य, दुसरा एक, तिसरा दोन. चाचांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगारही शून्यापासून मोजतात का?” ऑफिसातला मुलगा, तोच, चहाच्या झाकणांचा, हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याचं ऐकणं पुढे आम्हाला लाख मोलाचं ठरलं.

आता डिस्क. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला: एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क घ्या, आणि त्यातली एखादी मरणार हे धरूनच रचना करा. शेठजींना सर्व्हरमधलं कळलेलं हे एकमेव तत्त्व, कारण केळ्याचा धंदा याच तत्त्वावर चालतो. रचना अशी की पाच डिस्क असतील तर चार डिस्कभर मजकूर आणि एक डिस्कभर पडताळा, आणि तो पडताळा पाचही जणींत वाटून ठेवलेला. एक डिस्क गेली तरी उरलेल्या चौघी आपसांत हिशेब करून तिचा मजकूर परत सांगतात. इंजिनियरांना हे समजवायला फळा लागतो. मुनीमाला लागत नाही. पानावरची एक रक्कम उंदरानं खाल्ली आणि बेरीज शाबूत असली तर ती रक्कम वजाबाकीनं काढणं हे आमचं पिढीजात काम. दोन रकमा खाल्ल्या तर मात्र उंदराला शरण जायचं. सर्व्हरचंही तेच आहे. एक डिस्क जाणं ही बातमी. ती बदलण्याआधी दुसरी गेली की बारा वाजले.

एका भर उन्हाळ्याच्या दिवशी ती बातमी आली. पाच हिरव्या दिव्यांतल्या एकाचा रंग नारिंगी झाला. आमच्याकडे कपाळावरच्या भळभळत्या जखमेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. असीरगडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजूनही पहाटे पूजेला येतो, त्याला मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, आणि वाटेत भेटलेल्याकडे तो तेल-हळद मागतो, असं या भागात लहानथोर सांगतात. सर्व्हरकडे पाहून चौकीदार हळूच म्हणाला, “याचं पण तसंच. बंद होता येत नाही आणि कपाळावर जखम.” मला इतकी नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तिकेत सापडली नाही. ऑफिसातला मुलगा तेलाची बाटली घेऊन येईल या भीतीनं मी खोलीला कुलूप लावलं.

नवी डिस्क इंदूरहून निघाली. कागदावर ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ असं वचन होतं. पण इंदूर आणि बऱ्हाणपूर यांच्या मध्ये घाट आहेत, नर्मदा आहे, खंडवा आहे, आणि शेवटी असीरगड आहे. जुन्या काळी त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराला हा दरवाजा उघडायला महिनोन्महिने वेढा घालून 1601 चा जानेवारी उजाडावा लागला, आणि तेव्हाही आतली माणसं फोडावी लागली म्हणतात. आमच्या डिस्कचं पार्सल तीन दिवसांत आलं, तेव्हा तुलनेनं तक्रारीला जागा नव्हती. त्या तीन दिवसांत आम्ही चार डिस्कवर जगलो. एसी 18 वर. कोणी जोरात दार लावलं तरी शेठजी अंगावर यायचे.

डिस्क आली, इंजिनियर नाही. तो दुसरीकडे अडकला होता. फोनवर शेठजींनी सूत्रं हातात घेतली. पडद्यावर लिहिलं होतं ‘डिस्क 3 निकामी’. शेठजींनी फर्मावलं, तिसरी डिस्क ओढ. ऑफिसातल्या मुलानं तिसऱ्या डिस्कच्या कडीवर बोट ठेवलं आणि थांबला. शेठजी ओरडले. मुलगा म्हणाला, “शेठजी, हा शून्यापासून मोजतो. चाचांच्या पंख्याच्या वेळी नाही का? याची तिसरी म्हणजे आपली चौथी.” नारिंगी दिवा खरोखरच चौथीवर होता. पण दिव्याकडे कोण पाहतो, मालकाच्या आवाजासमोर? त्यानं ठणठणीत तिसरी ओढली असती तर चारांच्या तीन उरल्या असत्या आणि भिवंडीपासून इचलकरंजीपर्यंतची येणी एका झटक्यात माफ झाली असती. मुलानं चौथी काढली, नवी सरकवली, टक्क आवाज झाला, आणि दिवा लुकलुकायला लागला. पुढची रात्रभर उरलेल्या चौघी आपला मजकूर नवीला समजावून सांगत होत्या. हा काळ फार नाजूक. चौघींनाही एरवीपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि एकाच दिवशी विकत घेतलेल्या डिस्क एकाच वयाच्या असतात. शेठजी ती रात्र पेढीवरच झोपले. मुलाला त्यांनी सकाळी मावा जिलबी खाऊ घातली. बऱ्हाणपुरात याहून मोठा पुरस्कार नाही.

इंजिनियर नंतर आला आणि त्यानं सांगितलं की हे सगळं टाळता येतं; सर्व्हरला आज्ञा दिली की ज्या डिस्कबद्दल बोलतोय तिचा दिवा तो स्वतः चमकावून दाखवतो. आणि दुसरं, यात कितीही डिस्क असल्या तरी बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो, कारण चुकीनं पुसलेला हिशेब पाचही जणी मिळून अगदी एकमतानं पुसतात. शेठजी म्हणाले, “म्हणजे याच्यावरही भरोसा नाही?” तो म्हणाला, “याच्यावर सगळ्यात कमी.” बॅकअपची डिस्क घेतली गेली. ती सर्व्हरच्याच डोक्यावर, महिरपीखाली ठेवण्यात आली.

सेल बदलायची गोष्ट छोटी आहे. सर्व्हरच्या पोटात नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. तो संपला, आणि त्याच आठवड्यात वीज बराच वेळ गेली. सर्व्हर उठला तो कित्येक वर्षं मागच्या एका 1 जानेवारीला. सगळी उधारी एकदम ‘मुदतीच्या आत’ दिसू लागली. गावातल्या व्यापाऱ्यांत ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण सेल बदलू नका असं सांगायला दोघं तर प्रत्यक्ष आले.

यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मात्र रडवलं. शिशाच्या बॅटरीला 25 अंश मानवतं. त्यावर दर दहाएक अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एसी सर्व्हरला आणि यूपीएस बाहेर जिन्याखाली, ही वाटणी कोणी केली हे मी लिहीत नाही, कारण पगार उशिरा का होईना, तिथूनच येतो.

आता वाटेल की हा संशयी स्वभाव या मातीतला नाही, अमेरिकेतून आलाय. मलाही वाटत होतं. एका रविवारी नातेवाइकांना कुंडी भंडारा दाखवायला नेलं आणि मत बदललं. 1615 मध्ये सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानं ही पाण्याची व्यवस्था करवली. समोर तापी दुथडी भरून वाहत असताना! कारण असं सांगतात की शत्रूनं नदीत विष कालवलं तर छावणीनं प्यायचं काय? म्हणून सातपुड्यातून जमिनीत झिरपणारं पाणी भुयारात अडवलं, थोड्या थोड्या अंतरावर उभ्या कुंड्या खणून त्या आतून एकमेकींना जोडल्या, आणि नुसत्या उतारानं पाणी शहरापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, एकच वाट नाही. असे आठ भंडारे केले होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो शाहजादा परवेजला भेटायला बऱ्हाणपुरात आला होता. इथल्या माणसांवर त्याचा फारसा विश्वास बसला नाही. खानखानाचा तर नदीवरही नव्हता. जामा मशिदीत फारुकी सुलतानानं अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरून घेतला आहे. दोन नोंदी, दोन लिप्यांत. हे मी इंजिनियरला सांगितलं तेव्हा त्यानं लगेच विचारलं, “दोन्ही एकाच भिंतीवर?” धंद्यानं माणसाची दृष्टी अशी होते.

कुंडीत उतरायला ऐंशीएक फूट खाली जावं लागतं. आत भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढलेला. पाण्यातला चुना साचत जातो, वाट अरुंद होते, आणि कोणी खरवडला नाही तर चारशे वर्षं चाललेली गोष्ट निमूटपणे चोंदते. पाहुणे वर तोंड करून प्रकाशाचे फोटो काढत होते. मी थर बघत होतो आणि मला सोमवारी सर्व्हरची जाळी साफ करायची आठवण झाली. जाळी काढायची, रुई ब्रशनं झाडायची, पंखा हातानं धरून, फिरू न देता हवेचा फवारा मारायचा. पाच मिनिटांचं काम. पण त्यात काही बिघडलेलं नसतं, म्हणून ते करायला कोणाला सुचत नाही, आणि करताना कोणी पाहिलं तर विचारतो, “काय बिघडलं?”

वर्षातून एकदा मात्र न सांगता सगळी स्वच्छता होते. खंडेनवमीला माग धुतले जातात, तराजू घासले जातात, आणि सर्व्हरही पुसला जातो. पहिल्या वर्षी हळद-कुंकू थेट पुढच्या जाळीवर वाहिलं होतं. पंख्यांनी ते आत ओढलं आणि इंजिनियरला पुढच्या खेपेला मेमरीच्या पट्ट्यांवर सौभाग्याची चिन्हं सापडली. आता तह झाला आहे: हळद-कुंकू महिरपीला, उदबत्ती दाराबाहेर, नारळ पायरीवर. पूजेसाठी दार उघडं राहिलं की खोली तापते आणि सर्व्हर पंखे वाढवतो. चौकीदाराचं म्हणणं, पूजा पोचली.

परवा देखभालीच्या वार्षिक कराराचं नूतनीकरण होतं. इंजिनियर गादीवर मांडी घालून बसला होता, समोर कागद.

शेठजींनी विचारलं, “वर्षभरात सर्व्हर बंद पडला?”

“नाही.”

“हिशेब गेला?”

“नाही.”

“मग पैसे कशाचे?”

इंजिनियरनं जाळ्या, पंखा, बॅटऱ्या, डिस्क, सगळं सांगितलं. ते न होऊ देणं हेच आपलं काम आहे, हेही सांगितलं. शेठजी विचारात पडले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, तुझ्यावर आपला पूर्ण भरोसा आहे. कागद कशाला?”

तो हसला, पण हटला नाही. दोन प्रती काढल्या, दोन्हींवर सह्या घेतल्या, एक इथं राहील आणि एक इंदूरला नेतो म्हणाला. शेठजींनी दोन्ही प्रती हातात घेतल्या, नीट एकावर एक ठेवल्या आणि गादीखाली सरकवल्या.

“तुझी पण इथंच राहू दे,” ते म्हणाले. “तिकडे हरवेल.”